राहून गेलेलं तिसरं ऑपरेशन

ताई बोकडाचे गळे घरी आणायला लागली तेव्हा आईनं तिच्याशी बोलणं टाकलं. मोहल्ल्यातला खाटीक ते तिच्यासाठी स्टीलच्या डब्यात काढून ठेवायचा. हॉस्पिटलमधून येताना ती डबा घेऊन यायची आणि सरळ फ्रिजमध्ये ठेवायची, दह्याच्या भांड्याशेजारी. आमच्या घरात तोवर अंडंसुद्धा आलं नव्हतं. खाटीक बिचारा बरेच दिवस समजत होता की आम्ही त्याचं सूप करतो. "डॉक्टरसाहिबा, आज एकदम उमदा माल आहे, लसूण जरा जास्त टाका," असं त्यानं तिला एकदा सांगितलं होतं. ताईनं ते घरी येऊन मला सांगितलं आणि आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या दारात हसत बसलो. आई पाठ फिरवून भाजी चिरत होती. तिचे खांदेही जरासे हलले, पण ती बोलली नाही.

रविवारी दुपारी ताई गच्चीवर टेबल लावून बसायची. बोकडाच्या गळ्याच्या कुर्चेला, म्हणजे त्या कडक पण लवचीक भागाला, ती एक बारीक खिडकी पाडायची. मग सिलिकॉनच्या तुकड्यातून ब्लेडनं एक पाचर कोरायची आणि त्या खिडकीतून आत बसवायची. नाही बसली की दुसरी कोरायची. तिचे हात तेव्हा असे होते की आई सुईत दोरा ओवायला तिच्याचकडे द्यायची, रुसलेली असली तरी.

ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी. माझं लग्न झालं नाही, तिनं केलं नाही. मी पनवेलच्या एका शाळेत मराठी शिकवत होते. ती मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात कान-नाक-घशाची डॉक्टर होती. तिथं तिचं चांगलं चाललं होतं, पण तिला आवाजाचंच काम करायचं होतं. तिचे वरिष्ठ म्हणायचे, आवाज गेल्यानं कोणी मरत नाही, टॉन्सिल काढ, कान बघ. त्या काळी घशाच्या डॉक्टरकडे लोक गिळता येईना म्हणून जात, श्वास कोंडला म्हणून जात. आवाज बसला तर हळद-दूध, खडीसाखर, ज्येष्ठमध. त्यातूनही नाही सुटला तर नशीब. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा ती मुंबई सोडून घरी आली आणि उरण नाक्याच्या बाजूला बारा खाटांचं हॉस्पिटल काढलं. मी विचारलं, पनवेलला कोण येणार आवाज दुरुस्त करायला? ती म्हणाली, "ज्यांना मुंबईला जाणं जमत नाही ते येतील. आणि आवाजावर पोट असणारे तेच लोक असतात गं."

पहिली आली ती मोऱ्याची कोळीण. चाळिशीची असेल. मोरा बंदरावर मुंबईच्या लाँचा लागतात, तिथं मासळी विकायची. दुसऱ्या कुठल्या तरी गावी तिच्या गळ्याची गाठ काढली होती आणि त्यात आवाजाच्या एका पट्टीची नस दुखावली गेली होती. ती बोलायला लागली की नुसता वारा बाहेर यायचा. दोन शब्दांत दम संपायचा.

"मासली वरडल्याशिवाय खपत नाय बाय," ती त्या वाऱ्यातून म्हणाली. "गप बसलेल्या कोळणीची मासली शिळी समजतात लोका."

ताईनं तिला जे सांगितलं ते पुढं मी शेकडो वेळा ऐकलं. आपल्या गळ्यात दोन पट्ट्या असतात, त्या एकमेकींवर आपटतात तेव्हा आवाज होतो. टाळीसारखं. तुमचा एक हात लुळा पडलाय आणि एका हातानं टाळी वाजत नाही. त्या लुळ्या हाताला मी पाठीमागून पाचर लावून मधे सरकवणार. तो हलणार नाही, पण दुसरा येऊन त्याच्यावर आपटेल.

हे ऑपरेशन पेशंटला जागं ठेवून करायचं असतं. नुसता गळा बधिर करायचा, आणि पाचर बसवताना त्याला बोलायला लावायचं. आवाज ऐकूनच कळतं पाचर नीट बसली की नाही. आपल्या भागात कोणी ते केलेलं नव्हतं. ताईनं मला विचारलं, "तू आत येशील? तू पाठमोरी उभी राहून वर्गातल्या कुठल्या पोराचा आवाज कुठला ते ओळखतेस. माझं लक्ष हातात असणार. मला ऐकणारं कोणीतरी पाहिजे."

म्हणून मी हिरवा झगा घालून त्या कोळणीच्या डोक्याशी बसले. तिचा हात माझ्या हातात होता. मधे पडदा, पडद्यापलीकडे ताई.

"बोला मावशी," ताई म्हणाली.

"काय बोलू?"

"बंदरावर काय बोलता तेच."

"आता? हितं?" तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती बोलायला लागली. आधी नुसता वारा. मग ताईनं काहीतरी सरकवलं आणि वाऱ्याच्या मधोमध एकदम आवाज उमटला. खरखरीत, पण आवाज. "ताजी हाय गो, फडफडती हाय..." कोळीण थांबली. स्वतःचाच आवाज ओळखू न आल्यासारखी ती छताकडे बघत राहिली.

"जाड वाटतोय," मी म्हणाले. "दाबल्यासारखा."

ताईनं पाचर काढली, एक कपची तासली, परत बसवली. "बोला."

या वेळी जो आवाज आला त्यानं बाहेरच्या बाकावर बसलेला तिचा नवरा उठून दारापर्यंत आला. तिच्या डोळ्यांतून पाणी कानांत उतरत होतं. "रडू नका मावशी," ताई म्हणाली, "माझं सगळं हलतंय." पण तिच्या मास्कवरचे डोळे मी पाहिले होते.

त्या दिवशी घरी आल्यावर आई जेवायला वाढताना सहज विचारावं तसं म्हणाली, "बोलली का ती बाई?" आईचं बोलणं तिथून परत सुरू झालं.

नंतरची सात-आठ वर्षं ताईची. अलिबाग, पेण, महाड, पार रत्नागिरीकडून माणसं यायला लागली. कीर्तनकार यायचे, शाळामास्तर यायचे, मशिदीत बांग देणारे एक म्हातारे चाचा आले होते. लिलाव पुकारणारा एक जण आला होता. मुंबईचे डॉक्टर शनिवारी येऊन तिच्या मागं उभे राहून बघायचे. जे वरिष्ठ टॉन्सिल काढ म्हणाले होते, त्यांनी स्वतःची बहीण पाठवली. ज्यांचा कंठ कर्करोगात काढून टाकावा लागायचा त्यांना अन्ननलिकेतून बोलायला शिकवायची, त्यात मीही असायचे. ढेकर देऊन तिच्यावर शब्द चढवायचा, असं ते शिक्षण. आमच्या दिवाणखान्यात पाच-सहा पुरुष गोल बसून ढेकरा देत 'आई', 'पाणी', 'बस' म्हणत असत. आई आतून म्हणायची, "सांग त्यांना, छान येतंय." आई त्यातच एके दिवशी झोपेत गेली. पुढचं तिला बघावं लागलं नाही, एवढं एक बरं झालं.

ती मुलगी आली तेव्हा खारघरला इमारती उभ्या राहत होत्या. बेलपाड्याच्या पलीकडे नुसती चिखलाची मैदानं आणि खांब. डोंगराकडच्या वाडीवरची ती, जमीन नाही, काही नाही, नवरा-बायको दोघंही बिगारी कामाला. वय एकोणीस असेल. कडेवर एक वर्षाची मुलगी. काँक्रीट कालवायच्या मिक्सरच्या पट्ट्यात तिचा पदर अडकला आणि पदरानं गळा आवळला. लोकांनी मिक्सर बंद करेपर्यंत गळ्याची कुर्चा चुरगळून गेली होती. तिला सरकारी दवाखान्यात नेऊन गळ्याला भोक पाडून धातूची नळी बसवली, म्हणून जगली. नळीतून श्वास घ्यायची. वरचा रस्ता पूर्ण बुजला होता. तोंडातून आवाज काय, फुंकरही येत नव्हती.

पोरीला हाक मारायला ती टाळी वाजवायची. एक टाळी म्हणजे इकडे ये. भराभर दोन म्हणजे तिकडे जाऊ नको. पोर टाळीबरोबर वळायची. ताईनं ते पाहिलं आणि त्या दिवशी ओपीडीत ती पुढच्या पेशंटला बोलवायलाच विसरली.

"तीन ऑपरेशनं लागतील," तिनं नवऱ्याला सांगितलं. "पहिल्यात बुजलेला रस्ता मोकळा करायचा. दुसऱ्यात बरगडीतली कुर्चा घालून तो रुंद करायचा. तिसऱ्यात आवाजाच्या पट्ट्या चिकटल्यात त्या सोडवायच्या आणि नळी काढायची. धीर धरावा लागेल."

"बोलंल ना बाय?" नवऱ्यानं विचारलं.

"बोलेल."

ती असं कधी छातीठोकपणे सांगायची नाही कोणाला. मी तिला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "माहितेय मला."

पहिलं ऑपरेशन झालं, दुसरं झालं. दुसऱ्यानंतर नळीवर बोट धरलं की थोडा वारा वर जायला लागला आणि त्या मुलीला कुजबुजता यायला लागलं. पहिल्यांदा कुजबुजली तेव्हा तिनं पोरीचं नाव घेतलं. पोर टाळीची वाट बघत होती, तिला कळलंच नाही कोण बोलतंय. मग तिनं पोरीला मांडीवर घेतलं, ओठ तिच्या कानाशी नेले आणि परत नाव घेतलं. पोर खिदळली. गुदगुल्या झाल्या असतील. वॉर्डमधल्या बायका डोळे पुसत होत्या. ताईनं मुलीला नळी धुवायला पक्कं शिकवलं होतं. बाहेरच्या नळीच्या आत एक आतली नळी असते, ती काढून उकळलेल्या पाण्यात स्वच्छ करायची, गळ्यापुढं ओलं फडकं बांधायचं, धुळीत जायचं नाही. मुलगी सगळं नीट करायची. तिचं फडकं नेहमी पांढरं असायचं.

सूज पूर्ण उतरायला आणि कुर्चा जुळायला वर्षाहून जास्त जाऊ द्यायला हवं होतं. त्या मधल्या काळात ताईचं सुरू झालं.

मला ते आधी ऐकू आलं. ती खालून हाक मारायची तेव्हा पूर्वी शेजारच्या दोन घरांना कळायचं ताई घरी आली. आता मला दोनदा ऐकावं लागत होतं. शब्द नीट होते, पण आवाज सपाट झाला होता, चढ-उतार गेला होता. एकदा मी तिला म्हटलं, "तू अशी एका सुरात का बोलतेस? रागावलीस का?"

"सर्दी आहे," ती म्हणाली.

सर्दी दोन महिने नसते, हे तीच पेशंटना बजावायची. मी तिच्या मागं लागले तेव्हा तिनं आरशानं स्वतःचा गळा तपासला. "पट्ट्या ठीक आहेत," म्हणाली. मग आरसा पुसून ठेवत म्हणाली, "गळ्याचं नाहीये ते." तिला तेव्हाच कळलं होतं, असं मला आता वाटतं. तिचं अक्षर बारीक होत चाललं होतं. चहाचा कप बशीत ठेवताना किणकिण व्हायची. आम्ही मुंबईला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिला चालायला सांगितलं, बोटं आपटायला सांगितली, आणि मग खुर्ची तिच्याजवळ ओढून बसले. कंपवात. तिला शेहेचाळीस वर्षंही पुरी झाली नव्हती. परत येताना गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. मी रडत होते, ती नाही. कळंबोली आली तेव्हा म्हणाली, "डावा हात आहे. उजवा अजून चांगला आहे."

औषधांनी खरंच बरं वाटलं. काही महिने तिनं साधी ऑपरेशनं केलीसुद्धा. मुलीच्या तिसऱ्या ऑपरेशनचा दिवस आला. ती सकाळपासून उपाशी, झगा घालून टेबलावर झोपलेली. बाहेर बाकावर नवरा, पोर आणि मी. मला वाटलं होतं दोन तास लागतील. पण थोड्याच वेळात ताई बाहेर आली. मास्क खाली ओढलेला. माझ्या शेजारी बसली.

"हत्याराचं टोक स्थिर राहत नाही," ती इतकं हळू म्हणाली की मला तिच्याकडे वाकावं लागलं. "बाहेरून बघितलं तर दिसणारही नाही कोणाला. पण भूल द्यायच्या आधी सूक्ष्मदर्शकाखाली नुसतं धरून पाहिलं... केवढं हलतं ते." तिनं दोन्ही हात मांडीखाली घातले, लहान मूल थंडीत घालतं तसे. "पट्ट्या तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत सोडवायच्या आहेत. मी हात लावला तर असलेलंही जाईल."

मग ती उठली आणि स्वतः जाऊन मुलीला सांगितलं. माझा हात बरा नाही. माझा विद्यार्थी मुंबईला आहे, माझ्यासारखाच करतो. तो इथं येऊन करेल, महिन्याच्या आत. तुम्हाला मुंबईला जावं लागणार नाही. निरोप पाठवते. मुलीनं ऐकून घेतलं. उठून बसली. ताईचा थरथरणारा हात तिनं आपल्या हातात धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट नळीवर ठेवून कुजबुजली, "आदी तुमाला बरा वाटू दे."

ताईचा विद्यार्थी तिसऱ्याच आठवड्यात आला. गुणी मुलगा होता, तिनंच घडवलेला. ऑपरेशनची तयारी झाली, निरोप गेला आणि निरोप घेऊन गेलेला वॉर्डबॉय एकटाच परत आला. खारघरच्या झोपड्या उठल्या होत्या. तिथलं काम दुसऱ्या मुकादमाकडे गेलं होतं आणि माणसं पांगली होती. वाडीवर चौकशी केली तर म्हातारी सासू म्हणाली, दोघं पोरीला घेऊन वीटभट्टीवर गेलेत, कुठल्या ते ठाऊक नाय.

भट्टी. ताईनं तो शब्द ऐकला आणि तिथंच पायरीवर बसली. भट्टीवर राख असते, कोळशाची भुकटी असते. तिथं वाऱ्यालाही धूळ असते.

त्यानंतर शाळा सुटली की मी, आणि ओपीडी संपली की ती, आम्ही हॉस्पिटलच्या गाडीतून भट्ट्या शोधत हिंडलो. पेणच्या रस्त्याला, आपट्याकडे, गाढी नदीच्या काठानं. गळ्यात नळी असलेली बाई पाहिलीत का? लोक म्हणायचे नाय. एका ठिकाणी सांगितलं, होती, पुढच्या भट्टीवर गेली. ताईचा चेहरा इतका खुलला की मला भीती वाटली.

त्या भट्टीवर आम्ही उन्हं कलल्यावर पोचलो. नवरा खड्ड्यात गुडघाभर माती तुडवत होता. आम्हाला पाहून तो थांबला. वर आला नाही, तिथंच उभा राहिला. ताई कडेपर्यंत गेली.

"कुठंय ती? डॉक्टर आलेत. उद्याच करू," ताई म्हणाली. तिचा आवाज त्याच्यापर्यंत पोचला नसावा म्हणून मी मोठ्यानं परत म्हटलं.

"ती नाय बाय," तो म्हणाला.

मला वाटलं, दुसरीकडे कामाला गेली असेल. मी विचारलंसुद्धा, "कधी येईल?"

तो मातीतून बाहेर आला. त्याचे पाय गुडघ्यापासून बोटांपर्यंत वाळत चाललेल्या मातीनं राखाडी झाले होते. आमच्याकडे न बघता त्यानं सांगितलं. एक दिस सांजच्याला तिला दम लागला. आतली नळी काढून धुवाया गेली, तर ती निघालीच नाय. घट्ट बसली होती. त्यानंही ओढून पाहिली. तिला खांद्यावर घेऊन तो रस्त्यापर्यंत पळाला. टेंपो थांबला. पण पनवेल यायच्या आत.

"ओलं फडकं लावायची ना?" ताईनं विचारलं.

"लावायची. वल्ला केला का सुकायचा." मग पायावरची माती खरवडत म्हणाला, "ती सांगायची मना, बाय बलवतील. बलवल्यावर जाऊ."

आम्ही उभ्या होतो तिथं तिची पोर विटांच्या थरामागून आली. आता तीनेक वर्षांची झाली होती. बापाच्या पायाला बिलगून ती त्याच्याशी काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही. परत बोलली. ओठ हलत होते आणि नुसता श्वास बाहेर येत होता.

ताई झपकन खाली बसली. "हिच्या आवाजाला काय झालं?"

"काय नाय. ती तशीच बोलते," बाप म्हणाला. "आयसारकी."

ताईच्या पिशवीत टॉर्च नेहमी असायचा. तिनं पोरीला 'आ' करायला सांगितलं. टॉर्च हातात हलत होता, म्हणून तो मी धरला. तिनं नीट पाहिलं, गळ्यावरून बोटं फिरवली. परत येताना गाडीत ती फक्त एकच वाक्य बोलली, आणि तेही दोन-तीनदा. "तिचा गळा चांगला आहे."

पोरीला पुढं वाडीवर आजीकडे ठेवलं. आजी ठणठणीत आवाजाची, दिवसभर कोंबड्यांवर ओरडणारी. महिन्या-दोन महिन्यांनी मी वाडीवर जाऊन यायचे, ताईला यायला जमायचं नाही. एकदा गेले तर पोर झाडावर चढलेल्या पोरांना खालून शिव्या देत होती. घरी येऊन मी ताईला सांगितलं. तिनं विचारलं, "मोठ्यानं?" मी म्हटलं, "सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा." ताईनं चादर तोंडावर ओढून घेतली आणि बराच वेळ तशीच पडून राहिली.

तिनं ऑपरेशन करणं त्या भट्टीच्या दिवसापासून सोडलं. पण हॉस्पिटल सोडलं नाही. मुंबईचा विद्यार्थी नोकरी सोडून पनवेलला आला. ती त्याच्या पाठीशी स्टुलावर बसून सांगायची आणि तो करायचा. हळूहळू तिचा आवाज इतका लहान झाला की यंत्रांच्या घरघरीत त्याला ऐकू येईना. मग मी मधे उभी राहायला लागले. ती माझ्या कानाशी बोलायची, मी तेच मोठ्यानं म्हणायचे. "खाली. अजून खाली. आता सोड." मला त्यातलं अर्धं कळायचं नाही, पण कळायची गरज नव्हती. तिचं म्हणणं जसंच्या तसं पोचवायचं, एवढंच. शाळेत मी मुलांना कविता शिकवायचे आणि दुपारी दुसऱ्याच्या तोंडची वाक्यं बोलायचे.

एकदा मुंबईच्या घशाच्या डॉक्टरांनी तिचा सत्कार ठेवला. मोठं सभागृह, तरुण डॉक्टर, पहिल्या रांगेत ते जुने वरिष्ठ. ती खुर्चीत बसून होती, शाल अंगावरून घसरत होती, मी शेजारी माईक घेऊन. मला वाटलं होतं ती कोळणीचं सांगेल, नाहीतर गच्चीवरच्या बोकडांचं. लोकांनाही तेच ऐकायचं होतं. तिनं त्या मुलीचं सांगितलं. मिक्सर, पदर, तीन ऑपरेशनं, भट्टी. मी एकेक वाक्य ऐकत होते आणि बोलत होते. नवरा टेंपोपर्यंत पळाला, इथवर आल्यावर मला पुढचं बोलता येईना. सभागृह थांबलं. ताईनं माझ्या मनगटावर हात ठेवला आणि तेच वाक्य परत सांगितलं. मी ते बोलले. शेवटी ती म्हणाली, पेशंट घरी पाठवताना तो झोपणार कुठं आणि काम कुठं करणार, ते विचारा. मी हे विचारलं नव्हतं असं नाही, ती पुढं म्हणाली. पण तारीख पुढं ढकलली त्या दिवशी परत विचारायला हवं होतं.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बरं झालं.

त्यानंतर तिला गिळायला त्रास व्हायला लागला. चहा घट्ट करून द्यायला लागायचा, पाणी चमच्यानं. ठसका लागला की विद्यार्थी धावत घरी यायचा. एकदा अन्न श्वासनळीत गेलं आणि छातीत पू झाला. तिला तिच्याच हॉस्पिटलच्या कोपऱ्यातल्या खोलीत ठेवलं. तिला दुसरीकडे कुठं न्यायचं नाही असं तिचंच म्हणणं होतं, आणि गळ्यात नळी घालायची नाही, हेही. विद्यार्थी माझ्याकडे बघत राहिला. मी तिचं म्हणणं त्याला सांगितलं. माझं स्वतःचं म्हणणं मला कोणी विचारलं नाही आणि मलाही ते सापडत नव्हतं.

दुपारची वेळ होती. खाली ओपीडी भरलेली होती, रिक्षांचा आवाज येत होता. मी तिचे ओठ ओल्या कापसानं पुसत होते तेव्हा तिनं डोळे उघडले आणि ती काहीतरी बोलली. मी कान तिच्या तोंडाशी नेला. इतकी वर्षं मी तिचा एकही शब्द खाली पडू दिला नव्हता. तिनं परत म्हटलं. चार-पाच शब्दांचं वाक्य असावं. श्वास लागत होता कानाला, शब्द लागत नव्हते.

"कळलं नाही गं ताई," मी म्हटलं. "परत सांग."

तिनं परत सांगितलं.

"नाही कळलं."

तिनं हात उचलला, तो जितका उचलला जात होता तितका, आणि बाजूला झटकल्यासारखा केला. राहू दे, असं. मग तिनं डोळे मिटले. मी तिथंच वाकून बसून राहिले. विद्यार्थी वर आला, त्यानं तिची नाडी धरली आणि मला खांद्याला धरून सरळ बसवलं.

तिच्या ओठांच्या हालचालीवर बसतील अशी कितीतरी वाक्यं मी नंतर लावून पाहिली. स्वयंपाक करताना, शाळेच्या रस्त्यावर. काही बसतात. कुठलं खरं, ते सांगणारं कोणी नाही.